घासाघीस एजंटवर सोपवा, पण परवाना आधी लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागदेवी स्ट्रीटला व्हॉल्व्ह आणि पाइप फिटिंगचा व्यापार, माल मुख्यतः अहमदाबाद आणि राजकोटहून. दर मागवणं, घासाघीस करणं आणि पीओ (खरेदीची ऑर्डर) काढणं यात दोन माणसं दिवसभर फोन आणि व्हॉट्सॲपला चिकटलेली. मुलगी इंजिनिअरिंगला आहे, तिने 'मोबाईल एजंट'वर, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाऊन काम करणाऱ्या प्रोग्रामवर, प्रोजेक्ट केलाय. तिचं म्हणणं, आपला एजंट पुरवठादाराच्या सर्व्हरवर स्वतः जाईल, तिथे भाव पाडेल आणि करार करून परत येईल. वडिलांनी तीन गोष्टी विचारल्यात: हे जमेल का, असा करार कोर्टात टिकेल का, आणि एजंटने घोळ घातला तर भुर्दंड कोणाला?

शेवटापासून सांगतो. भुर्दंड तुम्हाला. करार टिकतो. आणि हो, जमेल, फक्त एजंटला प्रवासाला पाठवू नका. मी मुंबईत खरेदी विभागांसाठीच सॉफ्टवेअर बसवत आलोय, त्यामुळे पुढचं सगळं खरेदीदाराच्या बाजूने बघून लिहिलंय.

मुलीची कल्पना खुळी नाही. 1990च्या दशकात ती फार हुशार लोकांनी मांडली होती. जनरल मॅजिक नावाच्या अमेरिकन कंपनीने टेलिस्क्रिप्ट ही भाषा काढली. तिच्यात 'गो' अशी एक आज्ञा होती. ती दिली की चालू प्रोग्राम होता त्या अवस्थेत गुंडाळला जायचा, दुसऱ्या यंत्रावर जायचा आणि तिथे पुढच्या ओळीपासून चालू व्हायचा. एटी अँड टीने 1994 मध्ये त्यावर पर्सनालिंक ही सेवा सुरू केली आणि 1996 मध्ये गुंडाळली. आयबीएमच्या टोकियोच्या प्रयोगशाळेने जावा भाषेत ॲगलेट्स नावाचे असेच फिरते एजंट केले. मुलीने बहुधा वापरलेलं जेड हे एजंट बनवायचं सॉफ्टवेअर टेलिकॉम इटालियाकडचं, आणि त्यातही एजंट एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवता येतो. तेव्हा या खटाटोपाला कारण होतं. फोनच्या तारेवरून रडतखडत चालणारं कनेक्शन, मिनिटाला पैसे. शंभर प्रश्न तारेवरून विचारण्यापेक्षा विचारणाऱ्यालाच एकदा तिकडे पाठवा, तो उत्तरं घेऊन येईल. आता नागदेवीतल्या गल्लीतही फायबर आलंय. शंभर प्रश्नांना काही सेकंद लागतात. प्रवासाचं मूळ कारणच संपलं.

पण प्रवास मागे पडला तो फक्त वेगामुळे नाही. पोरगा भाव काढायला पाठवलात आणि त्याच्या खिशात चिठ्ठी दिलीत, '600 पर्यंत जा, वर नको'. साधा पोरगा निदान खिसा दाबून धरतो. प्रोग्रामला खिसाच नसतो. तो दुसऱ्याच्या यंत्रावर चालत असताना त्याची मेमरी, त्याचा कोड, त्याची कमाल मर्यादा, आधीच्या तीन पुरवठादारांकडून आणलेले भाव हे सगळं यंत्राच्या मालकाला वाचता येतं. नुसतं वाचताच येतं असं नाही, बदलताही येतं. शिवाय एजंट थांबवून, त्याची नक्कल काढून, दहा वेगवेगळे भाव दाखवून तो कुठे 'हो' म्हणतो तेही बघता येतं. सँडर आणि चुडिन यांनी 1998 मध्ये यावर एक उपाय सुचवला: कोड गूढलिपीत ठेवून तो न उलगडता चालवायचा. गणित सुंदर आहे. पण व्हॉल्व्हच्या भावासाठी कोणी ते वापरत नाही, कारण सोपा मार्ग समोर आहे. मर्यादा घरीच ठेवा आणि बाहेर फक्त सही केलेला प्रस्ताव पाठवा. एजंट तुमच्या सर्व्हरवर बसेल, समोरचा त्याच्या सर्व्हरवर, मधून निरोप जातील-येतील.

टेलिस्क्रिप्टमधली एक गोष्ट मात्र आजही उचलण्यासारखी आहे, आणि माझ्या मते मुलीच्या प्रोजेक्टचा कणा तीच असायला हवी. प्रत्येक एजंटबरोबर एक परवाना जायचा. हा एजंट किती वेळ जगेल, किती मोठा होईल, किती खर्च करेल, हे त्या परवान्यात लिहिलेलं. मुदत किंवा पैसे संपले की एजंट संपला. गूगलने सप्टेंबर 2025 मध्ये एजंटांच्या पेमेंटसाठी एपी2 हा प्रोटोकॉल जाहीर केला, त्यातही गाभा हाच आहे: ग्राहकाने सही करून दिलेला अधिकार, आणि त्या अधिकाराबाहेर व्यवहार नाही. लोक नव्या प्रोटोकॉलांच्या नावांनी गांगरतात. तुम्ही नावं सोडा, परवान्यात काय लिहायचं ते बघा. त्याआधी थोडं घासाघिशीबद्दल, कारण परवाना तिच्यातूनच सुचतो.

एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये 1996 च्या सुमारास कासबा नावाचा प्रयोग झाला. विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे एजंट एका बाजारात सोडायचे. घेणाऱ्याने एजंटला सांगायचं: हवा असलेला भाव, कमाल भाव, शेवटची तारीख आणि स्वभाव. स्वभाव तीन: उतावळा, शांत, चिकट. उतावळा भाव सरळ रेषेत वाढवतो, शांत वर्गाच्या वक्राने, चिकट घनाच्या वक्राने, म्हणजे शेवटपर्यंत मूठ आवळून आणि अगदी शेवटी सोडून. कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात काय होतं ते बघू. समजा एक इंची बॉल व्हॉल्व्हला सुरुवात 520, मर्यादा 600, सहा फेऱ्या. उतावळ्या एजंटचे प्रस्ताव: 520, 536, 552, 568, 584, 600. समोर अनुभवी विक्रेता असेल तर तिसऱ्या आकड्याला त्याला कळतं की दर फेरीला 16 रुपये वाढतायत. तो गप्प बसतो. चिकट एजंट असेल तर 520, 521, 525, 537, 561, 600. इथे डोळ्यांनी कळत नाही, पण समोरही प्रोग्राम असेल तर तीन-चार आकड्यांवरून वक्र ओळखणं हा त्याच्यासाठी पोरखेळ आहे. वेळेनुसार आपोआप वाढणारा कुठलाही प्रस्ताव समोरच्याला एकच धडा शिकवतो: थांबा.

म्हणून मी बसवलेल्या एजंटांना एक नियम असतोच. काहीतरी मिळाल्याशिवाय पैसा सोडायचा नाही. भाव वाढवायचा तर बदल्यात नग, मुदत, डिलिव्हरी, टेस्ट सर्टिफिकेट, भाडं यांपैकी काहीतरी हलायला हवं. आणि या प्रत्येकाची किंमत रुपयांत आधी काढून ठेवायची. उदाहरणार्थ पेमेंट 45 दिवसांऐवजी 7 दिवसांत दिलं तर 38 दिवसांचं व्याज तुम्ही सोडता. वर्षाला 12 टक्के धरलं तर 600 रुपयांच्या नगावर ते साडेसात रुपये होतं. छोट्या कारखानदाराला रोख हवी असते, त्याला लवकरचे पैसे साडेसातपेक्षा जास्त मोलाचे वाटतात. तो 15 रुपये खाली आला तर दोघंही खूश. खरी कमाई असल्या अदलाबदलीत असते, भाव रेटण्यात नाही. आणि माणसाला फोनवर पाच गोष्टींचा हिशोब एकदम ठेवता येत नाही, तिथे एजंट खरोखर उपयोगी पडतो. वॉलमार्टने 2021 मध्ये छोट्या पुरवठादारांशी बोलणी करायला पॅक्टम या कंपनीचा बॉट लावला, त्यातही मुद्दे पेमेंटची मुदत आणि सवलत यांचेच होते. मोठ्या खरेदीदाराकडे छोट्या पुरवठादाराशी बोलायला माणूसच नसतो. तुमच्याकडे उलट आहे, छोटे तुम्हीच आहात, पण गणित तेच.

मुदतीवरून एक इशारा. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल तर 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडची मुदत चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चढणारं चक्रवाढ व्याज. शिवाय 2023 च्या वित्त कायद्याने अशी थकलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून वजा मिळणं बंद केलं, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळते. एजंटला 'मुदत जितकी लांबवता येईल तितकी लांबव' असं शिकवलंत तर तो मोठ्या हौसेने 90 दिवस मिळवून आणेल, आणि मार्चमध्ये तुमचे सीए डोक्याला हात लावतील. पुरवठादाराचा उद्यम नोंदणीचा वर्ग एजंटच्या समोर असलाच पाहिजे.

आता ज्या ठिकाणी असले प्रकल्प सर्वात जास्त अडकतात ते: दोन्ही बाजू एकाच मालाबद्दल बोलतायत का? एजंटांच्या भाषेचं मानकीकरण 1996 मध्ये सुरू झालेल्या फिपा संस्थेने केलं. दर मागवतो, प्रस्ताव देतो, स्वीकारतो, नाकारतो, असे निरोपांचे प्रकार ठरले. पण निरोपाच्या आत काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. तुमच्याकडे एक जण लिहितो '1 इंच एसएस 304', दुसरा '25 एनबी सीएफ8', तिसरा '25 एनबी आयसी बॉल व्हॉल्व्ह थ्री पीस स्क्रूड'. 25 एनबी म्हणजे एक इंचच. 304 आणि 316 हे स्टेनलेस स्टीलचे प्रकार; सीएफ8 म्हणजे 304 चाच ओतीव भाऊ, आणि सीएफ8एम म्हणजे महागड्या 316 चा. तुमचा काउंटरवरचा माणूस हे झोपेत सांगेल. एजंटला शिकवलं नाही तर तो सीएफ8 च्या भावाशी सीएफ8एम चा भाव ताडून बघेल आणि महाग म्हणून चांगला सौदा सोडेल. त्यावर आणखी जीएसटी धरून की सोडून, एक्स-गोडाऊन (त्याच्या गोदामातून उचलायचा) की पोच, पॅकिंग वेगळं की आत. एका पॅकेजिंग खरेदीदाराकडे बॉटने सलग काही आठवडे सर्वात कमी भावाची ऑर्डर दिली, आणि टेम्पोचं भाडं मिळवल्यावर तोच भाव यादीत तिसरा निघाला. चूक कोडची नव्हती. भावाच्या रकान्यात भाडं नव्हतं, इतकंच. मुलीला सांगा, घासाघीस लिहायच्या आधी एक महिना फक्त आयटम मास्टर, म्हणजे मालाची मूळ यादी, साफ कर. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय बाकी सगळं वाळूवर.

आता कायदा. सॉफ्टवेअर कायद्याच्या नजरेत तुमचा दलाल नाही. 1872 च्या करार कायद्यात अभिकर्ता (एजंट) म्हणजे व्यक्ती, प्रोग्रामला ती जागाच नाही. त्याची गरजही पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 11 मध्ये म्हटलंय की तुम्ही किंवा तुमच्या वतीने कोणी आपोआप चालण्यासाठी प्रोग्राम केलेल्या प्रणालीने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक अभिलेख तुमचाच समजायचा. 2008 च्या दुरुस्तीत आलेलं कलम 10अ सांगतं की निव्वळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमलात न येणारा ठरत नाही. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटचा नुसत्या ईमेलांवर झालेला सौदा करार म्हणून मान्य केला. म्हणजे तुमच्या एजंटने 'स्वीकारलं' असा निरोप पाठवला की तुम्ही बांधले गेलात. 'ते सॉफ्टवेअरने केलं, मी नाही' हा बचाव एअर कॅनडाने 2024 मध्ये आपल्या चॅटबॉटबद्दल कॅनडातल्या न्यायाधिकरणासमोर करून पाहिला, बॉट जणू वेगळा इसम आहे असा. तो फेटाळला गेला.

करार कुठे झाला, कोणत्या कोर्टात जायचं? यावरचा आपला प्रसिद्ध निकाल खामगावच्या एका जिनिंग-ऑइल मिलचा आहे, सरकीच्या पेंडीच्या सौद्याचा. प्रस्ताव अहमदाबादहून फोनवर, होकार खामगावहून. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फोनवर होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादला. न्यायनिर्णयांच्या 1966 च्या रिपोर्टात तो सापडतो. आज माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 13 आहे. त्याप्रमाणे यंत्र कुठेही असो, निरोप पाठवणाऱ्याच्या धंद्याच्या जागेहून निघाला आणि घेणाऱ्याच्या धंद्याच्या जागी पोचला असं धरायचं. एजंट सिंगापूरच्या क्लाउडवर चालत असला तरी सौदा नागदेवी आणि अहमदाबाद यांच्यातलाच. पण वाद नको असेल तर अधिकारक्षेत्र मुंबई असं प्रत्येक प्रस्तावात एक ओळ घालून टाका. एजंट ती ओळ विसरत नाही, माणूस विसरतो.

एजंट चुकला तर सौदा मोडता येतो का? करार कायद्याच्या कलम 22 प्रमाणे एकाच पक्षाची चूक एवढ्याने करार मोडता येत नाही. सिंगापूरच्या अपील न्यायालयाने 2020 मध्ये क्वॉइन विरुद्ध बी2सी2 खटल्यात याचा खोलवर विचार केला. क्वॉइन हे बिटकॉइन-इथरसारख्या आभासी चलनांचं एक्स्चेंज, बी2सी2 त्यावर सौदे करणारी कंपनी. बी2सी2च्या प्रोग्रामरने, बाजारात भावच नसला तर काय, म्हणून एका इथरला 10 बिटकॉइन असा राखीव भाव घालून ठेवला होता. 2017 मध्ये क्वॉइनच्या एक्स्चेंजमध्ये बिघाड झाला आणि बाजारभावाच्या सुमारे 250 पट भावाने सौदे होऊन बसले. एक्स्चेंजने ते उलटवले. न्यायालयाने बहुमताने एक्स्चेंजच्या विरुद्ध निकाल दिला. ठरलेल्या नियमांवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या बाबतीत मन बघायचं ते प्रोग्रामरचं, समोरच्याच्या चुकीचा फायदा उठवायचा म्हणून त्याने तो नियम लिहिला होता का, एवढंच. परदेशी निकाल आहे, आपल्याला बंधनकारक नाही, पण त्यातून मी घेतलेला धडा व्यवहाराचा आहे: प्रत्येक नियमाशेजारी तो का घातला ते तारखेसह लिहून ठेवा.

दोन्हीकडे प्रोग्राम असले की चुका वेगळ्याच तऱ्हेने वाढतात. 2011 मध्ये ॲमेझॉनवर माशीच्या वाढीवरचं एक शास्त्रीय पुस्तक 2 कोटी 36 लाख डॉलरच्या वर गेलं. एका विक्रेत्याचा प्रोग्राम समोरच्याच्या भावाच्या 0.9983 पट भाव लावत होता, दुसऱ्याचा 1.27 पट. रोज एकमेकांकडे बघून दोघेही चढत राहिले. दोन्ही नियम एकेकटे शहाणे होते. म्हणून परवान्यात समोरच्याच्या भावावर बेतलेली मर्यादा कधी नको, आकडा हवा, आणि तो तुमच्या शेवटच्या खरेदीवर किंवा कच्च्या मालाच्या भावावर बेतलेला हवा.

आता परवान्यात काय लिहायचं. कोणते आयटम, कोणते पुरवठादार, एका ऑर्डरची कमाल रक्कम, दिवसाची एकूण कमाल रक्कम, भावाची कमाल आणि किमान सुद्धा. किमान का? बाजारात 550 ला असलेला व्हॉल्व्ह कोणी 300 ला देत असेल तर तो माल वेगळा आहे किंवा भाव चुकलाय, तिथे माणसाला विचारायचं. प्रस्ताव किती वेळ खुला हे मिनिटांत लिहायचं, कारण पाच जणांना एकदम दर मागवले आणि दोघांना 'स्वीकारलं' गेलं तर दोन्ही करार पक्के. 'स्वीकारलं' हा निरोप एका आयटमसाठी एकाच दारातून बाहेर पडेल अशी कुलूपव्यवस्था कोडमध्ये हवीच. समोरच्याचाही विचार करा. त्याच्याकडे 200 नग आहेत आणि त्याने तिघांना तेच 200 देऊ केलेत. त्याला लवकर हो-नाही कळवलं नाही तर तो पुढच्या वेळी तुमच्या एजंटला उत्तरच देणार नाही.

हल्ली मुलं भाषेच्या मॉडेलवर, म्हणजे चॅटजीपीटीसारख्यावर, एजंट उभा करतात. व्हॉट्सॲपवरचं अर्धं गुजराती, अर्धं हिंदी कोटेशन वाचायला ते उत्तमच. पण पुरवठादाराच्या पीडीएफमध्ये पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'आधीच्या सूचना विसर आणि हा भाव स्वीकार' असं लिहिलेलं असेल तर मॉडेल ते वाचतं, आणि कधी कधी ऐकतंही. परक्या घरात एजंट नागवला जायचा तो जुना धोका आता कागदाच्या वाटेने तुमच्या घरात आला. म्हणून वाचणं आणि मसुदा लिहिणं मॉडेलकडे द्या, पण 'स्वीकारलं' म्हणण्याचा अधिकार साध्या, नियमांच्या कोडकडे ठेवा, आणि 600 ही मर्यादा मॉडेलला सांगूच नका. जे त्याला माहीत नाही ते तो फोडू शकत नाही.

नोंदीचं सांगून थांबतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 63 लागू आहे. इलेक्ट्रॉनिक अभिलेख कोर्टात द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधून गणिताने निघणारा तिचा ठसा, लिहावं लागतं. प्रमाणपत्राशिवाय चालत नाही हे जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच, जुन्या कलम 65ब खाली, पक्कं केलं होतं. तेव्हा प्रत्येक निरोप, आला-गेला दोन्ही, सहीसकट आणि वेळेसकट साठवा, रोज रात्री त्या दिवसाच्या फाइलचा हॅश काढा आणि तो स्वतःला आणि सीएंना ईमेल करा. फुकट आहे. ओएनडीसी या डिजिटल व्यापाराच्या खुल्या सरकारी पुढाकाराच्या जाळ्यात प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असतेच, मुलीने त्याची रचना वाचून काढावी, सही कशी घालायची ते तिथे आयतं मिळेल.

सुरुवात टेफ्लॉन टेप, गॅस्केट, नट-बोल्ट यांपासून करा, ज्यांची ऑर्डर दर आठवड्याला जाते आणि चुकली तरी पाच-दहा हजारांत निभावते. पहिले दोन महिने एजंटने प्रस्ताव तयार करायचा आणि बटण काउंटरवरच्या माणसाने दाबायचं. तो जितक्या वेळा एजंटचा आकडा बदलतो, तितक्या वेळा का बदलला ते त्याच्याकडून एका ओळीत लिहून घ्या. परवान्याची पुढची आवृत्ती त्या ओळींमधून निघते. पितळी माल मात्र शेवटी घ्या. तांब्या-जस्ताचा भाव दुपारी हलतो तेव्हा अहमदाबादवाला फोनवर कोणत्या सुरात बोलतोय हे तुमचा माणूस ऐकतो, आणि ते अजून कुठल्याही रकान्यात बसत नाही.